डब्यासाठी कोरियन भाताचे मुटके: दुपारपर्यंत मऊ आणि अखंड कसे राहतील?

सुवनची पाहुणी

नमस्कार मंडळी.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही दीड वर्षापासून दक्षिण कोरियातील सुवन शहरात राहतो. मुलगा इथल्या शाळेत पहिलीत आहे. दुपारचे जेवण शाळाच देत असल्यामुळे रोजच्या डब्याची धावपळ आम्हाला नाही. परंतु वर्षातून एक-दोन वेळा वर्गाची सहल निघते, तिला इथे 'सोफुंग' म्हणतात, आणि त्या दिवशी प्रत्येक मुलाने घरून 'दोशिराक', म्हणजे डबा, आणायचा असतो. यंदाची सहल दोन आठवड्यांवर आली आहे. गेल्या वेळी मी पोळी-भाजी दिली होती आणि ती तशीच परत आली, कारण बाकीच्या सर्व मुलांच्या डब्यांत 'गिमबाप' (समुद्रशेवाळाच्या पापुद्र्यात भात आणि सारण गुंडाळून कापलेल्या चकत्या) किंवा 'जुमोकबाप' होते आणि आमच्या चिरंजीवांनाही तेच हवे होते.

'जुमोक' म्हणजे मूठ आणि 'बाप' म्हणजे शिजवलेला भात. मिठात आणि तिळाच्या तेलात कालवलेला चिकट भात मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे, आत किंवा भातातच थोडे सारण घालायचे, आणि वरून 'गिम', म्हणजे भाजलेल्या समुद्रशेवाळाचा कागदासारखा पापुद्रा, लावायचा किंवा त्याचा चुरा माखायचा, इतकी सोपी ही कृती ऐकताना वाटते.

माझे तीन प्रयत्न फसले आहेत. पहिल्यांदा मी घरातलाच बासमती वापरला. मूठ उघडताच गोळ्याचा पुन्हा भात झाला. दुसऱ्यांदा इथला आखूड दाण्याचा तांदूळ आणून रात्रीच गोळे करून फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी ते कच्च्या तांदळासारखे कडकडीत लागले. तिसऱ्यांदा सकाळी केले, गरम असतानाच गिम गुंडाळून डबा बंद केला. दुपारी उघडला तेव्हा झाकणाला पाण्याचे थेंब लटकत होते आणि गिम ओल्या चामड्यासारखे चिवट झाले होते.

आम्ही अंडे खातो, मांस-मासे खात नाही. सहलीच्या जागी डबा गरम करण्याची सोय नसते. गोळे फुटू नयेत म्हणून काय करावे, ते दुपारपर्यंत मऊ कसे राहतील आणि शाकाहारी सारण कोणते घालावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

हिंगजिरे

आपल्याकडे मेथीचे मुटके असतात, तेही मुठीत दाबून केलेले म्हणून मुटके. त्यामुळे जुमोकबापला मराठीत 'भाताचे मुटके' म्हणायला काहीच हरकत नसावी. माझ्यापाशी कृती नाही, परंतु बारसे झाले आहे एवढे समाधान मानून घ्यावे.

पेठेतला

आमच्या घरी बाप वळण्याचे काम आईकडेच असते, एवढे नोंदवून मी बाजूला बसतो.

देजॉनचा विद्यार्थी

मी देजॉन येथे संशोधनासाठी चार वर्षे आहे आणि प्रयोगशाळेत नेण्यासाठी आठवड्यातून तीन दिवस हेच करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तुमचा पहिला प्रयत्न बासमतीने फसणे अटळ होते. तांदळातील स्टार्चचे अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन प्रकार असतात. ज्या तांदळात अमायलोज जास्त, त्याचा भात मोकळा होतो. ज्यात ते कमी, त्याचा चिकट होतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या शीत नि शीत सुटे व्हावे म्हणून तांदूळ निवडत आलो आणि कोरियन लोकांनी शिते एकमेकांना धरतील असा तांदूळ निवडला. त्यामुळे इथला साधा आखूड तांदूळच घ्या. अधिक मऊपणा हवा असेल तर त्यात आठवा हिस्सा 'चापसाल', म्हणजे पूर्ण चिकट जातीचा तांदूळ, मिसळा. त्याहून जास्त नको, नाहीतर गोळा मोदकाच्या उकडीसारखा लागतो.

तांदूळ तीन-चार पाण्यांनी हलक्या हाताने धुवावा, अर्धा तास भिजवावा, पूर्ण निथळावा आणि एका मापाला एकच माप पाणी घालून शिजवावा. कुकर बंद झाल्यावर दहा मिनिटे झाकण उघडू नये. इथल्या राइस कुकरबरोबर येणारे माप १८० मिलीलिटरचे असते. त्या एका मापाचा सुमारे ३३० ग्रॅम भात होतो. त्यात अर्धा चहाचा चमचा मीठ, दोन चमचे तिळाचे तेल आणि दोन चमचे भाजलेले तीळ घालावेत. हे प्रमाण गरम भात चाखताना किंचित जास्त वाटते, परंतु थंड झाल्यावर चव मंदावते आणि मग ते बरोबर लागते.

दाबण्याबद्दल एकच सांगतो. भात हाताला सोसेल इतका कोमट असतानाच वळावा. फार गरम असेल तर शिते चिरडतात, पूर्ण निवाला तर ती एकमेकांना धरत नाहीत. इथे सगळे जण पातळ प्लास्टिकचे हातमोजे घालून, त्यांना तेलाचे बोट लावून हे करतात. मी तीनदा दाबतो, प्रत्येक वेळी गोळा थोडा फिरवून, आणि सोडून देतो. चौथ्यांदा दाबण्याचा मोह होतो, तो टाळावा.

अर्धीवाटी

वरील प्रतिसादात एक गोष्ट राहिली. तिळाचे तेल म्हणजे इथले 'चामगिरुम', भाजलेल्या तिळांपासून काढलेले, गडद तांबूस आणि खमंग. आपल्याकडचे कच्च्या घाणीचे फिकट तेल वापरले तर स्निग्धता येते, पण तो वास येत नाही. पुण्यात असताना मी हे अज्ञानाने वर्षभर केले आणि माझ्या गोळ्यांना काहीच चव का नाही याचे नवल करत राहिले. भाजलेल्या तिळाचे तेल मिळत नसेल तर तीळ चांगले तांबूस भाजून खलबत्त्यात मिठाबरोबर अर्धवट कुटावेत आणि ते भातात कालवावेत. कोरियन स्वयंपाकात असे कुटलेले तीळ असतातच आणि त्यांना 'केसोगुम' म्हणतात. शब्दशः अर्थ तीळ-मीठ. आपले तीळकूट आणि ते चुलतभाऊ शोभतात.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते, इंद्रायणी तांदळाचे मुटके उत्तम होतात. कोलम घेऊ नये.

माजघर

इंद्रायणीला माझे अनुमोदन, परंतु एक इशारा द्यावासा वाटतो आणि तो पाककृतीविषयी नाही.

मागच्या वर्षी लेकीच्या डब्यासाठी मी असेच गोळे केले आणि सुंदर दिसावेत म्हणून वरून काळे तीळ लावले. ताटात ओळीने आठ गोळे मांडून ठेवले आणि मी आंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, आज कोणाचं आहे?" भाताचे गोळे, त्यावर काळे तीळ, तेही ओळीने मांडलेले, मला क्षणभर कळलेच नाही आणि जेव्हा कळले तेव्हा माझाही हात ताटाला लागेना. त्या दिवशी लेकीने पोळीचा लाडू नेला.

तेव्हापासून आमच्याकडे पांढरे तीळ, आणि आकार गोल नव्हे, त्रिकोणी.

पेठेतला

मी बाजूला बसलो होतो, पण हे वाचून उठावे लागले. आमच्या आईने भ्रमणध्वनीवर फोटो पाहून अगदी हाच प्रश्न विचारला होता.

ग्वांगजूतून

माजघर यांचा प्रसंग वाचून इथल्या रीतीची आठवण झाली. कोरियन घरांत पितरांसाठी 'जेसा' नावाचा विधी होतो आणि त्यात भाताच्या वाडग्यात चमचा उभा खोवून ठेवतात. त्यामुळे रोजच्या जेवणात कोणी भातात चमचा उभा खोवला तर वडीलधारी माणसे लगेच रागावतात. मी नवीन असताना खानावळीत हे केले होते. शेजारच्या आजींनी काही न बोलता माझा चमचा काढून आडवा ठेवला. काळे तीळ लावलेला गोळा मात्र त्यांना मुळीच खटकत नाही. तो त्या आवडीने खातात.

मी ज्या शहरात राहतो तिथे जुमोकबापला वेगळाच मान आहे. मे १९८० मध्ये लष्करी राजवटीविरुद्ध ग्वांगजूचे नागरिक उठले, तेव्हा यांगदोंग आणि देइन या बाजारांतल्या विक्रेत्या बायकांनी तांदूळ गोळा करून मोठ्या पातेल्यांत भात शिजवला आणि त्याचे गोळे वळून रस्त्यावरच्या तरुणांना वाटले. आजही १८ मेच्या स्मरणदिनाच्या सुमारास इथे ते गोळे वाटले जातात. मी दोन वेळा रांगेत उभा राहून घेतला आहे. आत सारण वगैरे काही नाही, मीठ लावलेला भात आणि वरून थोडे गिम, एवढेच. सुवनच्या ताईंना सारणाची काळजी वाटत असेल तर सांगतो, नुसत्या मिठाचा गोळाही पोटभरीचा आणि खाण्याजोगा असतो.

सुवनची पाहुणी

सर्वांचे आभार. माझ्याकडे काळेच तीळ आणून ठेवले होते, ते आता बरणीत मागे सरकवले आहेत.

देजॉनच्या दादांना एक प्रश्न आहे. तुम्ही गोळे रात्री करता की पहाटे? सहलीची बस पावणेनऊला सुटते आणि मुले साडेअकराला जेवतात. पहाटे पाचला उठण्याची माझी तयारी आहे, परंतु ती नाइलाजाची आहे.

देजॉनचा विद्यार्थी

पहाटेच. तांदूळ रात्री धुऊन कुकरमध्ये घालून वेळ लावून ठेवतो, सहाला भात तयार असतो. वळायला पंधरा मिनिटे पुरतात. सारण आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवता येते, भात नाही.

सूक्ष्मजीव

भात फ्रिजमध्ये कडक का होतो, हे थोडक्यात सांगतो. शिजताना स्टार्च पाणी धरून फुगतो. निवल्यावर त्याच्या साखळ्या पुन्हा एकमेकींजवळ येऊन स्फटिकासारखी रचना करतात आणि पाणी बाहेर ढकलतात. हा बदल गोठणबिंदूच्या जरा वर, म्हणजे नेमका फ्रिजच्या तापमानाला, सर्वांत वेगाने होतो. वाफ दिली की भात पुन्हा मऊ होतो. परंतु तुमच्या सहलीत वाफेची सोय नाही. म्हणून फ्रिज टाळावा हे बरोबर आहे.

मात्र याचा उलट अर्थ काढून कोणी रात्रभर गोळे ओट्यावर ठेवू नयेत. भातात 'बॅसिलस सेरेअस' या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि उलटी घडवणारे विष तयार करतात. ते विष इतके चिवट असते की नंतर भात कडकडीत गरम केला तरी नष्ट होत नाही. ५ ते ६० अंश सेल्सियस हा धोक्याचा टापू धरला जातो. एप्रिलमध्ये सुवनला हवा गार असते. सहाला वळलेला आणि नीट निववलेला गोळा, डब्याशेजारी बर्फाची थैली ठेवून, साडेअकराला खायला मला अडचण वाटत नाही. थैली डब्याला चिकटून नको, मध्ये एक रुमाल असावा, म्हणजे भात गार राहील पण कडक होणार नाही. मुंबईत मे महिन्यात हाच डबा सकाळी आठला भरून दुपारी दोनला खायचा असेल तर मी म्हणेन की थर्मासमध्ये गरम भात न्यावा आणि मुटके रविवारी घरी करावेत.

डबेवाली

सूक्ष्मजीव यांच्या मताचा आदर आहे, परंतु मुंबईत लाखो माणसे रोज भाताचा डबा नेतात आणि दुपारी खातात. आमच्या घरी तीस वर्षे दहीभात नेला जातो. कोणाला काही झालेले नाही.

सूक्ष्मजीव

दहीभात टिकतो तो आंबटपणामुळे. लिंबू घातलेला चित्रान्न किंवा चिंचेचा पुळिहोरा प्रवासात टिकतो, त्याचेही कारण तेच आहे. कोरियन मुटक्यात मीठ आणि तेल असते, आंबट काहीच नसते. शिवाय तो उघड्या हातांनी वळला जातो, तेव्हा हातावरचे जंतूही त्यात येतात. हातमोजे वापरण्याचे खरे कारण ते आहे, चिकटणे टाळणे हे दुय्यम. आंबट चव चालत असेल तर भातात थोडे व्हिनेगर घाला. तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरून जे 'युबुचोबाप' करतात, त्याच्या भातात ते असतेच.

तीस वर्षांबद्दल आनंद आहे. पुढील तीसही अशीच जावोत.

डबेवाली

थर्मास विकत घेण्यापेक्षा लिंबू पिळणे स्वस्त आहे, त्यामुळे तुमचे म्हणणे अर्धे मान्य.

ग्वांगजूतून

उष्णतेत भात टिकवण्याचा प्रश्न कोरियन लोकांनाही पडला होता आणि त्यांनी तो मोठ्या हुशारीने सोडवला. दक्षिण किनाऱ्यावर थोंगयोंग नावाचे बंदर आहे. १९९५ पर्यंत त्या शहराचे नाव चुंगमू होते. समुद्रावर जाणाऱ्यांच्या गिमबापमधले सारण उन्हाने आंबून जायचे. तेव्हा तिथल्या लोकांनी सारण बाहेर काढले. भात नुसताच, बोटाएवढ्या गिममध्ये गुंडाळलेला, आणि तिखट माकुळ व मुळ्याची किमची (मीठ-तिखट लावून आंबवलेली भाजी) वेगळी बांधलेली, असा तो 'चुंगमू गिमबाप' आजही मिळतो. मी तिथे जाऊन खाल्ला. शाकाहारी मंडळींना माकुळ वगळावे लागेल, परंतु ओले आणि कोरडे वेगळे बांधण्याची युक्ती तुमच्या डब्यालाही लागू पडेल.

न्यूजर्सीकाकू

ओले आणि कोरडे वेगळे, हेच तर आपण प्रवासाच्या शिदोरीत करत आलो: दशम्या एका फडक्यात, चटणी दुसऱ्या पुडीत.

माझी मुलगी इथे शाळेत हेच नेते, कारण तिच्या वर्गात तीन कोरियन मुले आहेत. गिमबद्दल माझा अनुभव असा की ते गोळ्याला आधी लावूच नये. छोट्या पाकिटात मिळणारे तेल-मीठ लावून भाजलेले गिम तसेच बरोबर द्यावे आणि मुलांनी खाताना गुंडाळावे. कोरियातल्या दुकानांत मिळणाऱ्या त्रिकोणी 'सामगाक गिमबाप'ची वेष्टने पाहिली असतील. त्यात गिम आणि भात यांच्यामध्ये प्लास्टिकचा पडदा असतो आणि १, २, ३ अशा क्रमाने ओढले की पडदा निघून गिम भाताला येऊन बिलगते. एवढा खटाटोप केवळ ते कुरकुरीत राहावे म्हणून केला जातो. दुसरा पर्याय म्हणजे गिमचा चुरा, 'गिमगारू', भातातच कालवणे. तो मऊ पडला तरी चिवट लागत नाही.

वाफेचा मुद्दा कोणीच नीट सांगितला नाही. गोळा वळला की लगेच प्रत्येकाला पातळ फिल्ममध्ये सैलसर गुंडाळावे, म्हणजे बाहेरची शिते वाळत नाहीत. मग जाळीवर ठेवून पूर्ण निवू द्यावे आणि त्यानंतरच डब्याचे झाकण लावावे. गरम गोळे बंद डब्यात गेले की डब्याला घाम सुटतो आणि तुमच्या तिसऱ्या प्रयत्नात झाले तसे होते.

देजॉनचा विद्यार्थी

गुंडाळण्याबाबत काकूंशी माझा मतभेद आहे. गरम असताना फिल्म लावली की आतल्या बाजूला थेंब धरतात आणि गोळ्याचा पृष्ठभाग गिळगिळीत होतो. मी आधी पाच मिनिटे पंख्याखाली ठेवतो, मग गुंडाळतो.

न्यूजर्सीकाकू

पाच मिनिटे चालतील. पंधरा झाली तर बाहेरची शिते पोह्यांसारखी होतात. आपण दोघे एकाच गोष्टीच्या दोन टोकांना उभे आहोत.

हिंगजिरे

आता शाकाहारी सारणाकडे वळावे, कारण धाग्याचा तिसरा प्रश्न तोच होता आणि तांदळातच आपण इतके रमलो की तो मागे पडला. 'जिथे शिते तिथे भुते' ही म्हण कदाचित अशाच चर्चांसाठी असावी.

अर्धीवाटी

माझी शाकाहारी सारणे लिहिते. गाजर आणि कोवळी कोरियन भोपळी अगदी बारीक चिरून, मीठ लावून, पाणी पूर्ण आटेपर्यंत परतावी. 'दानमुजी' हा पिवळा मुळ्याचा लोणचेवजा प्रकार बारीक कापून फडक्यात घट्ट पिळून घ्यावा. न पिळता घातला तर गोळा तासाभरात फुटतो. घट्ट टोफू कुस्करून कोरड्या तव्यावर रवाळ होईपर्यंत भाजावा आणि त्यात सोया सॉस व चिमूटभर साखर घालावी. अंडे चालत असल्यामुळे त्याचा कोरडा भुर्जीसारखा चुरा उत्तम. सारण कोणतेही असो, बोटाने दाबल्यावर ओल दिसता कामा नये.

किमचीबद्दल सावध राहावे. बाजारातील बहुतेक किमचीत 'चोतगाल', म्हणजे खारवून आंबवलेली कोळंबी किंवा मासे, असतात. भाजी फक्त कोबीची दिसते म्हणून आम्ही सहा महिने निर्धास्त खात होतो. ज्या दिवशी वेष्टनावरचे कोरियन वाचता येऊ लागले त्या दिवशी घरात थोडी शांतता पसरली.

ग्वांगजूतून

किमची हवीच असेल तर बौद्ध मठांच्या पद्धतीची शोधावी. तिच्यात मासे नसतात. इतकेच नव्हे, तर मठांच्या स्वयंपाकात 'ओशिनचे' म्हणून पाच उग्र वस्तू वर्ज्य असतात. त्यांत लसूण आहे, कांद्याची पात आहे, आणि हिंगजिरे यांनी मन घट्ट करून वाचावे, परंपरेने सांगितलेल्या त्या यादीत हिंगही आहे.

हिंगजिरे

लसूण सोडणे मी चातुर्मासात समजू शकतो. हिंगाशिवाय आम्ही फोडणीला तोंड कसे दाखवावे, हे मठातील भिक्षूंनी सांगावे.

पेठेतला

सारणाची एवढी चर्चा झाली, परंतु मेतकुटाचे नाव कोणीच कसे घेतले नाही? गरम इंद्रायणी भात, मेतकूट, मीठ आणि सढळ हाताने साजूक तूप घालून वळलेला मुटका मी स्वतः करून खाल्ला आहे. तिळाच्या तेलापेक्षा तूप शतपटीने चांगले. कोरियन बांधवांना हे कोणी सांगितले नाही म्हणून ते तेलात अडकले.

देजॉनचा विद्यार्थी

मेतकूट सुंदर लागेल याबद्दल शंका नाही, कारण इथेही भातावर कालवण्याच्या कोरड्या पुडी मिळतात. तुपाबद्दल मात्र शंका आहे. तिळाचे तेल थंडीत पातळ राहते, तूप गोठते. हा डबा थंडच खायचा आहे.

पेठेतला

तूप गोठते हा तुपाचा दोष नसून हवामानाचा आहे.

माजघर

आकाराविषयी एक सूचना. लहान मुलांसाठी मोठे गोळे करू नयेत. एका घासाचे, फार तर ३० ग्रॅमचे, करावेत. इंटरनेटवर त्यांना 'हानिप', म्हणजे एक घास, जुमोकबाप म्हटलेले मी वाचले आहे. मोठा गोळा मूल मध्यावर चावते, उरलेला अर्धा हातात फुटतो आणि मग तो कोणी खात नाही. लहान गोळा फुटण्यापूर्वीच तोंडात जातो.

सुवनची पाहुणी

आज शेजारच्या आजींना (इथे आजीला 'हालमोनी' म्हणतात) हा विषय सांगितला, कारण माझ्या घरातून रोज तिळाच्या तेलाचा वास येतो आणि रोज भात टाकला जातो हे त्यांच्या लक्षात आले होते. त्या स्वयंपाकघरात आल्या, माझा भात चमच्याने उलटून पाहिला आणि म्हणाल्या की पाणी जास्त झाले आहे. मग त्यांनी भात रुंद लाकडी ताटलीत पसरला, मीठ-तेल घालताना चमच्याने कापल्यासारखे आडवे-उभे वार केले. आपण कालवतो तसे एकदाही कालवले नाही. वळताना त्यांच्या हाताचा आवाजही येत नव्हता. मी दाबताना 'चप' असा आवाज येतो. त्या म्हणाल्या की तो आवाज म्हणजे शिते मोडल्याची खूण.

वळता वळता त्यांनी स्वतःच्या शाळेचे सांगितले. त्यांच्या लहानपणी, साठ-सत्तरच्या दशकांत, तांदूळ वाचवण्यासाठी सरकारने भातात जव किंवा इतर धान्य मिसळायला लावले होते आणि शिक्षक वर्गात डबे उघडून तपासायचे. ज्याच्या डब्यात नुसता पांढरा भात असेल तो मैत्रिणीच्या डब्यातून जवाचे चार दाणे उसने घेऊन वर पेरायचा. हिवाळ्यात पत्र्याचे डबे वर्गातल्या शेगडीवर रचून ठेवायचे आणि सर्वांत खालच्या डब्याचा भात करपायचा. त्यांना अजून करपलेला भात आवडतो.

उद्या सहल आहे. पहाटे दोन प्रकार करणार आहे: एक गाजर-टोफूचा तिळाच्या तेलातला, आणि पेठेतल्या काकांचा मान राखून दोनच गोळे मेतकूट-तुपाचे.

पेठेतला

काका म्हटल्याचे दुःख तुपाच्या उल्लेखाने निवारले आहे.

डबेवाली

लिंबू विसरू नये.

सुवनची पाहुणी

सहल झाली. वृत्तांत देते.

साडेपाचला उठले. एका मापाच्या भाताचे सारणासकट बारा छोटे मुटके झाले, त्यांतले दहा तेलाचे आणि दोन तुपाचे. आजींच्या पद्धतीने चमच्याने वार करून मीठ-तेल मुरवले, तीनदाच दाबले, आठ मिनिटे जाळीवर ठेवून मग गुंडाळले (देजॉनचे दादा आणि काकू यांच्या साधारण मधोमध), आणि पूर्ण निवल्यावर झाकण लावले. गिमचे पाकीट वेगळे दिले. डब्याखाली रुमालात गुंडाळलेली बर्फाची थैली ठेवली. वर्ग योंगइनच्या लोकग्रामाला गेला होता. जुनी कोरियन घरे आणि जाती-चुली पाहून मुलांनी झाडाखाली डबे उघडले.

दहापैकी नऊ गोळे संपले. त्यांतले चार त्याने स्वतः खाल्ले आणि पाचांच्या बदल्यात मित्रांकडून गिमबापचे तुकडे घेतले. त्या तुकड्यांत काय होते हे विचारायचे मी मुद्दाम टाळले आहे. एक गोळा फुटला, तोही डबा हातातून पडल्यामुळे, म्हणून तो मी माझ्या खात्यात धरत नाही. भात मऊ होता, असे त्याने दोनदा सांगितले. गिमचे पाकीट मात्र तसेच परत आले, कारण त्याला ते फोडता आले नाही आणि शिक्षिकेला सांगायची लाज वाटली. पुढच्या वेळी पाकीट कोपऱ्यात आधीच कातरून देईन.

तुपाचे दोन्ही गोळे परत आले. गोठलेल्या तुपाने ते पांढरे आणि कडक झाले होते आणि चिरंजीवांच्या मते त्यांना 'मेणबत्तीची चव' होती. संध्याकाळी मी ते वाफवून खाल्ले आणि प्रामाणिकपणे सांगते, वाफवल्यावर ते बाकी दहांपेक्षा चांगले लागले.

न्यूजर्सीकाकू

आठ मिनिटे हा आकडा मी वहीत लिहून घेतला आहे.

पेठेतला

शेवटचे वाक्य सर्वांनी पुन्हा वाचावे. आता हाच प्रयोग जुलै महिन्यात करून पाहावा. तेव्हा तूप गोठणार नाही.

सूक्ष्मजीव

जुलै महिन्यात कृपया हा प्रयोग करू नये.